उजव्या डोळ्यामागचं दुखणं

दादाचं डोकंसुद्धा उजव्या बाजूलाच दुखायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या मेंदूत गाठ निघाली आणि सात महिन्यांत तो गेला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. माझं डोकं दुखायला लागलं तेव्हा मला एक्केचाळिसावं सरत आलं होतं, आणि दुखणं उजवीकडंच होतं. पुढं मी जे वेड्यासारखं वागलो ते सगळं यामुळं.

मी कॅसलरॉकला रेल्वेत कीमॅन आहे. रोज ठरलेल्या अंतराचा रूळ पायी चालून तपासायचा, हे माझं काम. रुळाला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या सैल दिसल्या की हातोड्यानं ठोकून बसवायच्या. खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या आणि नजर पायांशी. सोळा वर्षं मी अशी खाली मान घालून चाललोय. पण डोकं दुखायला लागल्यावर या मानेचा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नाही. मला फक्त दादा आठवला.

सुरुवात मानेच्या वर, कवटी जिथं सुरू होते तिथून व्हायची. मग कोणीतरी आतून दोरी ओढावी तसं दुखणं कानामागून वर चढायचं आणि उजव्या डोळ्यामागं येऊन थांबायचं. सकाळी आठला सुरू झालं की दुपारपर्यंत. कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. चांगला उजेड नकोसा व्हायचा. एकदा घरात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी माझ्या मुलीवर असा ओरडलो की ती नववीतली पोर भिंतीला लागून उभी राहिली. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण मी तोंड फिरवून झोपलो. बापाला काय झालंय हे तिला कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

बोगद्यात

आमच्या घाटात बोगदे आहेत. एका सकाळी मी त्यातल्या एकात अर्ध्यावर होतो. वरून पाणी ठिबकत होतं. दुखणं चढलेलं होतं आणि डोळ्यासमोर बारीक चांदण्या हलत होत्या. मागून घाट उतरणाऱ्या मालगाडीच्या ब्रेकचा आवाज आला. एरवी मी मान वळवून बघतो, अंतराचा अंदाज घेतो. त्या दिवशी मान उजवीकडं वळेचना. वळवायला गेलो तशी डोळ्यात सुई गेली. मी सगळं अंग फिरवलं तशी चक्कर येऊन तोल गेला, आणि सावरलो तेव्हा इंजिनाचा दिवा बोगद्याच्या तोंडाशी होता.

बोगद्याच्या भिंतीत माणसानं उभं राहण्यापुरते कोनाडे असतात. धावत जाऊन मी एकात शिरलो. गाडी माझ्या हातभर पुढून गेली. डबे संपता संपेनात. मी डोळे मिटून भिंतीला पाठ लावून उभा होतो. गाडीची सवय मला सोळा वर्षांची आहे. मी गाडीला भ्यालो नव्हतो. दादाचाही तोल असाच जायचा, हे मला आठवलं होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. चक्कर येते असं कळलं तर लाइनीवरून काढतील, ही एक भीती. आणि तपासलं तर गाठ निघेल, ही खरी भीती. डोकेदुखीच्या गोळ्या खायला लागलो. आधी एक, मग सकाळ-संध्याकाळ, मग दिवसाला चार-पाच. रामनगरच्या बाजारात केस कापायला गेलो तर त्या सलूनवाल्याला म्हटलं, जरा मान मोकळी कर. त्यानं हनुवटी धरून खाटकन् मोडली. दोन दिवस मला पाणीसुद्धा गिळवेना. हे वाचणाऱ्यांनी तेवढं कधी करू नये.

सुनंदा

माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझी खाकी पँट धुवायला काढली आणि खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. कामाच्या पिशवीत आणखी. तिनं ती सगळी ओसरीवर माझ्यापुढं मांडली.

"अवो, ह्या कशाच्या?"

"डोकं दुखतंय जरा. पित्त हाय."

पित्त म्हटल्याबरोबर तिनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि का बघतेय हे मला ठाऊक होतं.

दादाचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही. मी आत जाऊन दादाला म्हणालो, "काय न्हाई, पित्त चढलंय. औषधानं उतरतंय." तो रिपोर्ट मी त्याच्याच घरी भाताच्या कणगीत लपवला. वयनीला, त्याच्या बायकोलाही, सांगितलं नाही. ती रडेल आणि दादा ओळखेल, असं मला वाटलं. सगळ्या घरात फक्त मला आणि सुनंदाला माहीत होतं. सात महिने मी त्याला रोज पित्ताचं सांगत राहिलो.

"दादास्नी फसवलासा," सुनंदा म्हणाली. "आता मला फसवू नका."

तिनं दुसऱ्याच दिवशी मला रजा टाकायला लावली.

हुबळी

हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दोन दिवस होतो. पहिला दिवस रांगेत गेला. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बोट धरून नजर फिरवायला लावली, सरळ रेषेत चालवलं. मी रुळावर चालणारा माणूस, पण त्या फरशीवर मी एकेक पाऊल मोजून टाकलं. उलट्या होतात का, हातपाय बधिर होतात का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. दादाला दोन्ही होतं हे मनात आलं, पण त्यानं धीर आला नाही. होईल, पुढं होईल, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये घातलं. "हिलना मत," म्हणून तो माणूस गेला. आत ठोकल्याचा आवाज सुरू झाला, रुळावर एकाच वेळी पाच-सहा हातोडे पडावेत तसा. डोक्यावर पिंजरा, हातात एक रबरी चेंडू, घाबरलास तर दाब म्हणाले होते. मी तो दाबला नाही. दाबला तर पुन्हा पहिल्यापासून करतील या भीतीनं दाबला नाही. मी मनात दादाशी बोलत होतो. काय बोललो ते इथं लिहीत नाही.

रिपोर्ट दुपारी आला. डॉक्टर कानडीत म्हणाले, "मेंदू स्वच्छ आहे. गाठबीठ काही नाही. हे मानेतून येतंय. मानेच्या वरच्या सांध्यातून. फिजिओथेरपी करा, आणि या गोळ्या कमी करा." मला मान डोलवावीशी वाटली, पण तीही दुखत होती.

मग त्यांनी सुनंदाला थांबवलं. मला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा.

दाराला काच होती. काचेतून मला दिसत होतं. डॉक्टर हळू बोलत होते, सुनंदा मान हलवत होती. एकदा तिनं पदर तोंडाला लावला. मीही असाच उभा होतो ना, दादा आत असताना. मला कळलं की गाठ आहे, आणि हे मला सांगणार नाहीत.

परतीच्या गाडीत तिनं माझ्यासाठी संत्री घेतली. सोलून एकेक फोड हातात देत होती. दादाला मी द्राक्षं नेत असे. लोंढा स्टेशन येईपर्यंत मी तिचं तोंड बघत होतो.

"डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"गोळ्यांचं. घरात ठेवू नका म्हणाले, त्यानंच आणखी डोकं दुखतंय. दिसतील तिथनं काढून टाका म्हणाले."

"आणि?"

"आणि काय? काय न्हाई."

काय न्हाई. हेच दोन शब्द मी सात महिने वापरले होते. मी पुढं काही विचारलं नाही.

खानापूरची मॅडम

खानापूरला फिजिओथेरपीचा एक छोटा दवाखाना आहे. दोन खाटा, एक पडदा, भिंतीला रबरी पट्टे टांगलेले. तिथल्या मॅडम धारवाडकडच्या, पस्तिशीच्या. त्यांचं मराठी अर्धं कानडीच.

मी खाटेवर बसलो तेव्हाच सांगितलं, "मान मोडायची न्हाई."

"बेड, बेड, नको, मोडणार नाही," त्या हात हलवत म्हणाल्या. "मी हात लावणार, ते पण सांगून. तुम्ही थांब म्हटलं की थांबणार."

त्यांनी उताणं झोपवलं. माझं डोकं दोन्ही तळहातांवर घेतलं. हनुवटी छातीकडं आणून हळू डावीकडं वळवलं, मग उजवीकडं. उजवीकडं थोडंच गेलं आणि दार अडकावं तसं अडलं. मग त्यांनी कवटीच्या खाली उजव्या बाजूला एक जागा शोधली आणि अंगठा टेकवला.

मी ओरडलो. अंगठा मानेत होता आणि दुखणं डोळ्यामागं उठलं होतं. तेच, तसंच, त्याच जागी.

"हेच काय? रोजचं?"

"हेच."

"थांबू?"

"... न्हाई."

त्यांनी दाब तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं डोकं अगदी हळू, केसभर, ओढून धरलं. किती वेळ ते सांगता येत नाही. डोळ्यातली सुई बोथट झाली. मग नुसतं जड वाटलं. मग तेही ओसरलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. पुन्हा सोडवलं, गेलं. तीनदा.

मी उठून बसलो आणि एकदम बोललो, "मॅडम, खरं सांगा. माझ्या डोक्यात गाठ हाय ना? बायकोला सांगितलंय, मला न्हाई."

पडद्याबाहेर सुनंदा बसली होती. तिनं ऐकलं. मला नंतर तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मॅडमनी विचारलं, "रिपोर्ट तुम्ही वाचला काय?"

मी वाचला नव्हता. कोणी माझ्या हातात दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. मॅडमनी सुनंदाकडून तो लिफाफा मागवला, माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. इंग्रजी ओळ, मग कानडीत, मग त्यांच्या मराठीत. कुठली शीर, कुठला भाग, काय दिसलं, काय दिसलं नाही. वर माझं नाव, वय, खाली डॉक्टरांची सही. पाऊण पान होतं. बाहेर दुसरा पेशंट खोकत होता, पण त्यांनी घाई केली नाही.

"नोडी, बघा अण्णा, गाठ असती तर मोठे डॉक्टर तुम्हाला माझ्याकडं पाठवले नसते. स्कॅन स्वच्छ आला म्हणून तर तुम्ही या खाटेवर आहात. नाहीतर मी हात लावला नसता."

मी तो कागद घेऊन बाहेर आलो. सुनंदाच्या डोळ्यांकडं बघवेना. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर गोळ्यांचं सांगत हुते तवा मला रडू आलं, कारण गाठ न्हाई म्हणून. एवढं बी तुमास्नी वळखलं न्हाई."

स्टेशनच्या बाकड्यावर

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या खेपेनंतर दुखणं वाढलं. दोन दिवस मी अंधार करून पडलो. गोळ्या नव्हत्या, सुनंदानं पाकीटच घरात ठेवलं नव्हतं. अंग घामेजायचं, जीव कासावीस व्हायचा. कागद उशीखाली होता, पण माझा त्यावरचा विश्वास उडाला. मशीनची चूक झाली असेल. दुसऱ्याच कोणाचं डोकं असेल.

तिसऱ्या खेपेला मी एकटाच निघालो. खानापूर स्टेशनला उतरलो आणि बाकड्यावर बसलो. दवाखान्यात गेलो नाही. परतीच्या गाडीनं घरी आलो. चौथ्या खेपेलाही तेच.

कारण सांगतो, हसू नका. याही उपचारानं बरं वाटलं नाही तर मग गाठच, हे पक्कं झालं असतं. न जाता बसलो तर निदान ते पक्कं होणार नव्हतं.

सुनंदानं त्या दिवशी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "मॅडमनी आज काय केलं?"

"मान ओढली. व्यायाम दिला."

"मॅडमचा फोन आलता. तुमी दोनदा आला न्हाईसा म्हणाल्या."

मी तांब्या खाली ठेवला. ती चिडेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला बी भ्या वाटतंय. तुमी भाइर गेलासा की मी दर गाडीचा आवाज आयकतीय. पर दोगं मिळून भिऊया की. एकटं एकटं कशापायी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मॅडम माझ्यावर रागावल्या, मग स्वतःवर. पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, गोळ्या सोडल्यावर तर हमखास, हे आपण जोर देऊन सांगायला हवं होतं, म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की काय झालं तर लगेच मोठ्या डॉक्टरांकडं धावायचं: अचानक कधी झालं नाही असं भयंकर दुखणं, उलट्या, एकाची दोन दिसणं, हातपाय किंवा जीभ जड होणं, तापाबरोबर मान ताठणं, फीट. "हे नसेल तर फक्त माझे व्यायाम," म्हणाल्या. असली यादी वाचून माणूस आणखी घाबरेल असं वाटेल. मला उलट झालं. कशाला भ्यायचं हे ठरलं, त्यामुळं बाकीच्याला जरा कमी भ्यायला लागलो. तो कागद आरशाला चिकटवला.

नुसतं 'व्हय' म्हणायचं

व्यायाम बघितलात तर हसाल. मानेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पडायचं आणि हनुवटी तांदळाएवढी आत घ्यायची, मनातल्या मनात 'व्हय' म्हटल्यासारखी. दहा मोजायचं, सोडायचं. माझ्या दंडात हातोड्याचं बळ आहे, पण हे करताना मानेची आतली नस पाचव्यालाच थरथरायची. मॅडम म्हणाल्या, बाहेरचे स्नायू बैलासारखे आणि आतले झोपलेले. मग भिंतीला पाठ लावून खांदे मागं घेणं. गरम पाण्याची पिशवी. दोन उशांऐवजी एकच उशी. आठवड्यातून दोनदा त्यांच्या हातून सांधा सैल करून घेणं.

माझ्या कामाची त्यांनी नीट चौकशी केली. हातोडा कुठल्या खांद्यावर? उजव्या. सोळा वर्षं? सोळा वर्षं. "मग आता डावा पण आहे की, अण्णा." रूळ बघताना मान न लोंबवता नजर खाली न्यायची, वाकायचं तर कमरेतून. प्रत्येक किलोमीटरच्या खांबाशी अर्धा मिनिट थांबून खांदे मागं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठलो आणि चहा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की डोळ्यामागं काही नाही. मी हललो नाही. हललो तर येईल, म्हणून कप हातात धरून तसाच बसलो. मुलगी शाळेला निघाली होती, तिनं विचारलं, "आप्पा, काय झालं?" मी म्हणालो, "दुखत न्हाई." तिनं दप्तर खाली ठेवलं आणि जोरात, अगदी जोरात शिट्टी मारली, कुकरसारखी. मग स्वतःच घाबरून माझ्याकडं बघितलं. मी हसलो तेव्हा तिलाही हसू आलं.

दोन महिन्यांच्या रजेनंतर रेल्वेच्या डॉक्टरांकडून कामावर जायचा फिट दाखला मिळाला. कामावर गेलो त्या दिवशी मुकादमाला सगळं सांगितलं, चक्करसुद्धा. वाटलं होतं की तो मला दुसरीकडं टाकेल. त्यानं पंधरा दिवस जोडीला माणूस दिला. बोगद्याच्या तोंडाशी मी थांबलो. मान उजवीकडं वळवली. पुरती वळली. मागं मोकळा रूळ होता. आत शिरलो, पण सगळा बोगदा संपेपर्यंत जोडीदाराची बाही धरून होतो.

वयनीकडं

एक काम राहिलं होतं. एका रविवारी मी आणि सुनंदा बाजारकुणंगला वयनीकडं गेलो. दादा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा शेत बघतात. ती अंगणात सुपारी वाळत घालत होती. चहा झाला. मी कप बाजूला ठेवून सांगितलं की दादाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रिपोर्ट कणगीत मी लपवला होता.

ती सुपाऱ्या पसरत राहिली.

"मला कणगीत मिळाला हुता," ती म्हणाली. "बाराव्यानंतर भात काढताना. मी वाट बघत हुते तुमी कवा सांगताय त्याची."

मी तिच्याजवळ अंगणात खाली बसलो.

"ते मला म्हणायचे, पाऊस सरला की वरच्या अंगाला माडं लावूया. मी म्हणायचे, बगू की, घाई कशाला. घाई हुती भावजी. मला म्हाईत असतं तर त्याच दिशी खड्डं काढलं असतं. लावून दिली असती त्यांच्या हातनं."

"चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

ती मला माफ केलं म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही. ऊन सरकलं तशी सुनंदा उठून तिला सुपारी गोळा करू लागायला गेली. निघायच्या वेळी वयनी पायरीवर आली.

"डोकं कसं हाय आता?"

"बरं हाय."

"भावजी. खरं सांगा."

मी चप्पल घालता घालता थांबलो. "पंधरा दिसांतनं एकदा दुखतंय. दुखलं की अजून भ्या वाटतंय. हात गार पडत्यात."

"मग काय करता?"

"निजतो. मॅडमनी शिकवलेलं करतो. अर्ध्या तासानं उतरतंय."

"आणि न्हाई उतरलं तर?"

"तर सुनंदाला सांगतो. दवाखान्यात जातो." जरा थांबून म्हणालो, "तुमास्नी बी फोन करतो."

"करा," वयनी म्हणाली. "गाठ निघाली तरी करा, न्हाई निघाली तरी करा."